मागचा गळ

मागचा गळ पुढच्या गळापासून एक्केचाळीस मिलिमीटरवर होता. ऊर्मिलाने कॅलिपर पुन्हा लावून पाहिला. एक्केचाळीसच. दुसऱ्या तारेचं माप अडतीस निघालं, तिसरीचं चव्वेचाळीस. श्यामकांतने आदल्या संध्याकाळी सहा तुकडे कापले होते आणि सहाही एका मापाचे आहेत असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्येक तुकडा म्हणजे केसाहून जराशी जाड पोलादी तार. एका टोकाला बारीक फासा, दुसऱ्या टोकाला तीन काट्यांचा इवलासा गळ. कुठल्याही दोन काट्यांमध्ये अंतर साडेपाच मिलिमीटर.

"अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"माशाला काय कळतंय?" श्यामकांत थर्मासमध्ये चहा ओतत होता.

"माशाला नाही कळत. पण तू म्हणालास सगळे चाळीस आहेत."

"अंदाजे चाळीस. सांगलीच्या देशिंगकरांत आजवर कुणी गळ बांधलाय का? पहिलाच मी. जरा कौतुक कर."

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात सकाळचे सात वाजले होते आणि बाहेर उणे नऊ होतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळा सरंजाम मांडला होता. बोटभर लांबीचे रबरी मासे, त्यांच्या डोक्याशी शिशाची गोळी आणि पाठीतून वर आलेला एकच मोठा गळ. हे आमिष. उन्हाळ्यात एवढ्यावर भागत असे. पण गोठलेल्या तळ्यातला मासा सुस्त असतो. तो येतो, रबराच्या शेपटीला नुसता चिमटा काढतो आणि जातो. मोठा गळ पुढे, चावा मागे, मासा निसटतो. म्हणून शेपटीपाशी हा जादा गळ ओढत न्यायचा. श्यामकांतने याबद्दल आठवडाभर वाचलं होतं. त्याच्याकडे आकडेही होते. गेल्या तीन शनिवारांत एकतीस चावे आणि मासे फक्त पाच.

"सव्वीस चावे फुकट गेले, ऊर्मी. सव्वीस! एवढं वाया घालवणं आपल्याला परवडणार आहे का?"

तिने तारा लांबीच्या क्रमाने लावल्या आणि डबीत ठेवल्या.

शाकाहारी माणूस मासे धरायला कसा लागला, हे त्यांच्या ओळखीच्या मराठी मंडळींत अजूनही चवीने सांगितलं जाई. ऊर्मिला वेंगुर्ल्याची. लग्न करून सांगलीच्या घरात आली तेव्हा तिने मासे सोडले. कुणी सोड म्हटलं नव्हतं, पण सासूबाईंच्या ओट्यावर बांगडा ठेवण्याचं तिच्याही मनात आलं नव्हतं. पुढे जर्मनीत आल्यावर ती कंपनीच्या कँटीनमध्ये कधीमधी खायची, घरी नाही. मग अडीच वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी ताजे मासे खायला सांगितले. श्यामकांतने ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांत मच्छीमारीच्या सरकारी परीक्षेच्या वर्गाला नाव घातलं. तीस तासांची हजेरी, साठ प्रश्न, सगळं जर्मनमधून. इथे गंमत म्हणून मासा पकडता येत नाही. खायचा असेल तरच पकडायचा, आणि पकडल्यावर आधी डोक्यात दांडका घालून मग सुरीने मारायचा. पहिल्या माशाच्या वेळी श्यामकांतने दांडका उचलला, डोळे मिटले आणि म्हणाला, "एंटशुल्डिगुंग." माफी मागावी ती जर्मनमध्ये, मासा इथलाच म्हणून.

तेव्हापासून दर शुक्रवारी घरात मासा व्हायचा. ऊर्मिला तो साफ करायची, आगळ लावायची, रव्यात घोळून तळायची, आणि श्यामकांत समोर वरणभात घेऊन बसायचा. ती किती तुकडे खाते हे तो मोजतोय, हे तिला दिसायचं. ती दोन खायची. "छान झालाय," म्हणायची.

मात्र सव्वा वर्षापासून, दुसरं औषध सुरू झाल्यानंतर, तिच्या जिभेला मासाच काय, काहीही पत्र्यासारखं लागत होतं. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं.

दुसरंही एक सांगायचं राहिलं होतं. हॉलमधल्या निळ्या फाईलमध्ये तीन पानी संमतिपत्र होतं. तिसऱ्या पानावर खाली सहीची रेघ. पहिली दोन्ही औषधं थकली होती, यकृतातल्या गाठी वाढत होत्या. आता तिसरं औषध, गोळ्यांच्या रूपात. नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी ते नीट समजावलं होतं. या गोळ्यांनी काही जणांना काही आठवडे जास्त मिळतात, काहींना मिळत नाहीत. रक्तातल्या पेशी भरून येईपर्यंत थांबावं लागेल, तोवर विचार करा. न घेणं हाही एक निर्णय आहे आणि तो चुकीचा नाही, असं त्या शेवटी म्हणाल्या. श्यामकांत तेव्हा पुढचा प्रश्न वहीत शोधत होता.

त्या रात्री ऊर्मिलाने मूळ शोधनिबंध काढून वाचला. सत्तावीस वर्षं तिने क्ष-किरणांचे संवेदक बनवण्यात घालवली होती. आलेख वाचणं हेच तिचं काम. आलेखात दोन रेषा होत्या, एक औषध घेणाऱ्यांची, एक न घेणाऱ्यांची. दोन्ही एकत्र निघत होत्या, मध्ये जरा फाकत होत्या आणि पुन्हा जवळ येत होत्या. मधल्या जागेची रुंदी तिने डोळ्यांनीच मोजली. मग दुष्परिणामांचा तक्ता वाचला. लॅपटॉप बंद करताना तिला उत्तर माहीत होतं.

त्याला आता नऊ आठवडे होऊन गेले होते. मंगळवारी साडेनऊला सही करायची होती आणि आज शनिवार होता.

भीतीपोटी गप्प होती, असंही नाही. तिने स्वतःत डोकावून पाहिलं होतं. रडू नव्हतं, राग नव्हता, कुणाविषयी तक्रार नव्हती. संवेदक लावून ठेवावा आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ चालत राहावी, तसं होतं. अशी रेघ दिसली की दोनच शक्यता असतात, हे ती नव्या मुलांना शिकवायची. एक तर समोर काही नाही, किंवा उपकरण बंद पडलंय. यातलं खरं कुठलं, हे शोधायचे कष्ट तिने घेतले नव्हते.

गाडी महामार्गाला लागली तेव्हा कुहूचा फोन आला. कुहू त्यांची एकुलती एक मुलगी. झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होती. मराठी तिला सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमधून यायचं, आईला हाकही तिथल्यासारखी, 'मामा'.

"मामा, मंगळवारी साडेनऊ ना? मी सोमवारीच येते. रजा टाकलीय."

"कशाला गं एवढं?" ऊर्मिला म्हणाली.

"येऊ दे की," श्यामकांत म्हणाला. "ये तू. फक्त माझ्या प्रश्नांना हसायचं नाही."

"पापा, मागच्या वेळी तू सतरा प्रश्न आणले होतेस. डॉक्टर घड्याळ बघत होती."

"चौदा."

"सतरा. मी मोजले. मामा, तू काय म्हणतेस? तू काहीच बोलत नाहीस."

"ऐकतेय ना."

"तुला हवंय ना हे?"

ऊर्मिलाने काचेबाहेर पाहिलं. शेतं पांढरी होती, एका शेताच्या कडेला खांबावर घार बसली होती.

"आल्झो, तर मग, ते ठरलंय," श्यामकांतने सांगून टाकलं. "आपण मंगळवारी सुरू करतोय. आपल्या पेशी परत जागेवर आल्यात, परवाचा रिपोर्ट बघितलास ना?"

"मामा?"

"रस्त्यावर बर्फ आहे, कुहू. बाबाला गाडी चालवू दे."

फोन बंद झाला. गाडीत हीटरचा आवाज राहिला. 'आपल्या पेशी' असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत आला होता. आपलं ऑपरेशन, आपलं औषध, आपली नस सापडत नाही. पहिल्या वर्षी तिला त्याचं बरं वाटलं होतं, आधार वाटला होता. आता मात्र एकटीने 'मी' म्हणायची वेळ आली की तोंड उघडत नव्हतं.

क्लबचं तळं डोंगरात होतं, चहूबाजूंनी स्प्रूसची झाडं. काठावर लाकडी पाटी आणि पाटीखाली व्योल्फेल उभे. वय शहात्तर, निवृत्त पोस्टमन, तळ्याचे राखणदार. त्यांनी पहाटेच बर्फाला भोक पाडून पट्टी लावली होती.

"एकोणीस सेंटिमीटर," त्यांनी हात वर करून सांगितलं. "पंधराच्या खाली असता तर परत पाठवलं असतं. ग्रुस गॉट, फ्राऊ डॉक्टर. आज तुम्हीही?"

"मी नुसती बसणार," ऊर्मिला म्हणाली. तिच्या पीएच.डी.चा मान ठेवून ते तिला 'फ्राऊ डॉक्टर' म्हणत.

श्यामकांतने हाताने फिरवायच्या गिरमिटाने बर्फाला दोन भोकं पाडली. ती थाळीएवढी होती. चाळणीने त्यातला चुरा काढला, स्टुलं मांडली, तिच्या मांडीवर गोधडी घातली, गोधडीवर आणखी एक गोधडी घातली. मग आमिष काढून त्याला तार अडकवू लागला. व्योल्फेल वाकून बघू लागले.

"आंग्स्टड्रिलिंग," ते म्हणाले.

"म्हणजे?" ऊर्मिलाने विचारलं.

"आम्ही त्या मागच्या गळाला असं म्हणतो, फ्राऊ डॉक्टर. घाबरटाचा गळ. मासा निसटेल या धास्तीने लावायचा."

"बंदी आहे का?" श्यामकांतने लगेच विचारलं.

"नाही, नाही. लावा. मी लावत नाही एवढंच."

"का?"

व्योल्फेलनी नाक पुसलं. "जो तोंड उघडून येतो तो माझा. जो नुसता शेपटीला चिमटा काढून बघतो, त्याला भूक नसते, नाहीतर तो पोर असतो. त्याला कशाला ओढून काढायचं?"

"म्हणजे एकतीस चाव्यांतले सव्वीस सोडून द्यायचे?"

"मी चाळीस वर्षं सोडतोय. तरी हे पोट बघा."

श्यामकांत हसला, पण तार त्याने काढली नाही. व्योल्फेल आपल्या भोकाकडे गेले, तीसेक पावलांवर.

पहिल्या वीस मिनिटांत दोन बार्श लागले. हिरवे, अंगावर काळे पट्टे, तळहाताहून मोठे. दोन्ही मागच्या गळाला.

"बघ, ऊर्मी, बघ! पुढच्या गळाला शिवलासुद्धा नाही. ही तार नसती तर हा गेला होता."

"हो," ती म्हणाली.

त्याने पाठ वळवली, दांडका उचलला. तिला त्याच्या ओठांची हालचाल दिसली नाही, पण ती झाली असणार. मग सुरी. मग दोन्ही मासे बर्फावर शेजारी शेजारी ठेवले, डोकी एका दिशेला.

"एक आज, एक पुढच्या शुक्रवारी. नव्या गोळ्यांना ताकद लागणार तुला."

तिसऱ्या वेळी काठी वेगळीच वाकली. ओढ जड होती, पण तिच्यात झटके नव्हते. काहीतरी आडवं होऊन वर येत होतं. भोकाशी आलं तेव्हा दिसलं, झांडर होता. लांबुळका, राखाडी, मोठ्या काचेसारख्या डोळ्यांचा. मागच्या गळाचा एक काटा डोळ्याखाली गालात होता, दुसरा कल्ल्याच्या झाकणात. दोन्ही काटे एकमेकांना ताणत होते, त्यामुळे तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मोठा गळ मोकळाच लोंबत होता.

ऊर्मिलाने पट्टी लावली. "एक्केचाळीस."

"मिलिमीटर?" श्यामकांतने गोंधळून विचारलं.

"सेंटिमीटर. मासा."

इथे पन्नासच्या खालचा झांडर पाण्यात परत सोडावा लागतो. श्यामकांतने हाक मारली आणि व्योल्फेल चिमटा घेऊन आले, गुडघ्यांवर बसले. त्यांनी हातमोजे काढून हात आधी पाण्यात बुडवले आणि मग मासा धरला. कल्ल्याचा काटा लवकर निघाला. डोळ्याखालच्याला वेळ लागला. काटा निघाल्यावर डोळ्याच्या कडेला एक पातळ लाल रेघ आली आणि पाण्यात विरून गेली. व्योल्फेलनी मासा भोकात सरळ धरून ठेवला, कल्ले हलेपर्यंत. मग हात सैल केले. मासा लगेच गेला नाही. जरा थांबला, कलला, आणि तसाच तिरका खाली उतरत गेला.

"जगेल?" श्यामकांतने विचारलं.

"सांगता येत नाही. थंड पाण्यात सगळंच सावकाश होतं." व्योल्फेल उठले. "तारेविना तो तुमच्या हाती आलाच नसता. आता खाताही येत नाही आणि धड सोडल्यासारखंही नाही." ते हे रागाने म्हणाले नाहीत. पत्ता चुकलेलं पाकीट परत करावं तसं म्हणाले, आणि गेले.

श्यामकांत भोकाकडे बघत बसला. ऊर्मिलाही बघत होती. पाण्यावर बर्फाची साय धरायला लागली होती. आपल्याला वाईट वाटतंय का, हे तिने तपासलं. वाटायला हवं होतं, एवढंच जाणवलं.

"तार वाकलीय," श्यामकांत जरा वेळाने म्हणाला. "दुसरी लावशील? माझी बोटं कामातून गेलीत."

हे काम नेहमी तिचंच होतं. घरात सुईत दोरा ओवायचा, चष्म्याचा स्क्रू बसवायचा, कुहूच्या पायातला काटा काढायचा, तर ऊर्मिलाने. प्रयोगशाळेत माणसाच्या केसाहून बारीक सोन्याच्या तारा तिच्या हाताने जोडल्या जायच्या आणि लोक बघायला उभे राहायचे. तिने हातमोजे काढले.

वर्षभर ती सगळं डोळ्यांनी करत होती. शर्टाचं बटण, किल्ली, सुटे पैसे, वेलची सोलणं. बोटांवर नजर ठेवली की बोटं काम करत. वाकलेली तार तिने काढली, डबीतली एक्केचाळीसवाली घेतली, फासा मोठ्या गळात अडकवला. आता मागच्या गळाचा एक काटा रबराच्या शेपटीत रुतवायचा, म्हणजे तो आमिषाला चिकटून राहतो. डाव्या अंगठ्याने शेपटी धरून तिने उजव्या हाताने दाबलं. रबर नेहमीपेक्षा कडक लागलं, म्हणजे तसं दिसलं. काटा आत जात नव्हता. थंडीने आखडलं असेल. तिने आणखी दाबलं.

मग ती काटे मोजू लागली, कारण काहीतरी जुळत नव्हतं. एक काटा रबरात. एक हवेत. तिसरा दिसत नव्हता. तिसरा तिच्या अंगठ्याच्या पेरात होता, वळणापर्यंत आत.

ती त्याच्याकडे बघत राहिली. कातडी काट्याभोवती किंचित उचलली गेली होती. रक्त नव्हतं. काट्याला उलटी खाच आहे, म्हणजे मागे ओढून निघणार नाही, हा तिचा पहिला विचार. दुसरा विचार असा की तार मात्र नीट बसली आहे.

"झालं का?" श्यामकांतने मान वळवली. "ऊर्मी! अगं हे काय! अगं ओरडायचं तरी!"

"थांब, ओढू नको. खाच आहे त्याला."

"हेर व्योल्फेल! हेर व्योल्फेल!"

व्योल्फेल बर्फावरून जमेल तेवढ्या घाईने आले. त्यांनी पाहिलं, "होय, होय," म्हणाले, खिशातून कातर-पक्कड काढून तार तोडली, उरलेले दोन काटे कापून टाकले. मग जाड दोऱ्याचा फास गळाच्या वळणात घातला आणि गळाचं बूड बोटाने खाली दाबून धरलं.

"मी तीन म्हणेन तेव्हा ओढीन, फ्राऊ डॉक्टर. हेर देशिंगकर, तुम्ही तिकडे झाडांकडे बघा. एक. दोन."

दोनलाच त्यांनी हिसका दिला. गळ उडून बर्फावर पडला.

"पोस्टात कुत्र्यांनाही मी असंच फसवायचो," ते म्हणाले आणि ऊर्मिलाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. तिची पापणीही लवली नव्हती. "इथे मोठमोठे बाप्ये किंचाळतात, फ्राऊ डॉक्टर."

त्यांनी खिशातल्या चपट्या बाटलीतली प्लमची दारू अंगठ्यावर ओतली, पट्टी गुंडाळली. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारलं, तिने महिना आणि साल सांगितलं. मग ते एकदा तिच्याकडे, एकदा श्यामकांतकडे पाहून आपल्या काठ्या बघायला निघून गेले. त्यांच्या काठ्या नुसत्याच उभ्या होत्या.

श्यामकांत झाडांकडे बघत नव्हता. पूर्ण वेळ तो तिच्याकडेच बघत होता.

"दुखलं नाही तुला."

"नाही."

"थंडीमुळे."

"नाही."

तो तिच्यासमोर बर्फावरच बसला. "कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या मार्चपासून. आधी नुसती टोकं. आता इथपर्यंत." तिने तळहाताच्या मधोमध बोट ठेवलं. "पाय घोट्यापर्यंत."

"तू डॉक्टरांना सांगितलंस, थोड्या मुंग्या येतात."

"हो."

"आणि मला?"

"तुलाही तेच."

"मी तुला गळ बांधायला देत होतो." त्याने तारांची डबी मिटून बाजूला ठेवली. "सुरी द्यायचो. परवा उकळतं तेल—"

"मला येतं सगळं. बघून करते."

"बघून करते म्हणे." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "आणखी काय आहे? आज सांगून टाक. आणखी काय काय आहे?"

तिने दोन बार्शांकडे पाहिलं. "चव नाही."

"कशाची?"

"कशाचीच. पत्र्यासारखं लागतं."

"मासा?"

"मासाही."

"किती दिवस?"

"सव्वा वर्ष."

श्यामकांत काही बोलायला गेला आणि त्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "सव्वा वर्ष तू दर शुक्रवारी पत्रा खातेस. आणि मी समोर बसून तुकडे मोजतो. अगं ऊर्मी, मी त्यांची डोकी ठेचतो गं. माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला उंबरा ओलांडू दिला नसता."

"माहीत आहे."

"एंटशुल्डिगुंग म्हणून ठेचतो!"

"ऐकू येतं मला," ती म्हणाली. "दर वेळी."

या वेळी तो खरंच हसला, आणि हसता हसता त्याने हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसले. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली. खांदा हातात आहे हे तिला दिसत होतं. जाड जॅकेटखाली तो हलत होता, तेही दिसत होतं. पलीकडे व्योल्फेल पाठमोरे उभे होते आणि अजिबात वळून बघत नव्हते.

थोड्या वेळाने श्यामकांतने नाक शिंकरलं. मग तो सावरून बसला. हा त्याचा स्वभावच होता. काही कोसळलं की तो आधी झाडू शोधायचा.

"बरं. ठीक आहे. म्हणजे मंगळवारी आपण आधी हे सांगायचं. हातांचं, पायांचं, चवीचं, सगळं. नव्या गोळ्यांनी हातांचं वाढत नाही, मी वाचलंय. पण डोस त्यांनी कमी करायला हवा. गेनाऊ, अगदी तसंच. कमी डोसने सुरू करू, आणि आपण..." त्याने एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि फोन बाहेर काढला. गारठलेल्या बोटाला पडदा दाद देत नव्हता. त्याने बोटावर फुंकर मारली, पुन्हा लिहिलं. "प्रश्न पहिला. थांब हं, नाहीतर विसरेन. प्रश्न पहिला, संवेदना."

ऊर्मिला त्याच्या बोटाकडे बघत होती. लाल झालेलं, टोकाशी फुटलेलं बोट. ते अक्षर शोधत होतं, चुकत होतं, खोडून पुन्हा लिहीत होतं. सतरा प्रश्न होतील, मग वीस. ती तिथे खुर्चीत बसेल आणि तो वाचत जाईल, डॉक्टरीणबाई उत्तरं देत जातील, आणि शेवटी कुणीतरी पेन पुढे करेल. ती सही करेल, कारण करताना काही वाटणार नाही. बाकी सगळं जसं करत आली, तसंच हेही होऊन जाईल.

छातीच्या मधल्या हाडाखाली तिला किंचित दाब जाणवला. फार नव्हता. पण होता. तिने तो पुन्हा तपासला, अजूनही होता.

"श्याम, फोन खाली ठेव."

"एकच मिनिट. प्रश्न दुसरा..."

"श्यामकांत."

त्याने वर पाहिलं. पूर्ण नावाने ती त्याला कधीच हाक मारत नसे.

"तुला राग येईल, कुहूलाही येईल. मी तुझ्या वहीतलं सगळं वाचलंय, त्याच्या पलीकडचंही वाचलंय. घाबरून बोलत नाहीये मी, आणि थकूनही नाही." तिने श्वास घेतला. थंड हवा आत गेली तशी ती थेट आतपर्यंत लागली. "मी त्या गोळ्या घेणार नाही, श्याम. मंगळवारी मी सही करणार नाही."